थोडक्यात बचावल्याची पिवळी कार्डं

माझ्या लिखाणाला आयुष्यात एकदाच पहिलं बक्षीस मिळालं. ते बक्षीस म्हणजे पाच लिटरचा कुकर होता आणि तो दुसऱ्याच बाईच्या घरी गेला. मी तेव्हा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पाइपांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. स्टोअर म्हणजे नट-बोल्ट, पट्टे, स्विच, ग्रीसचे डबे आणि हातमोजे ठेवलेली एक लांबट खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीत मी. फिटरने चिठ्ठी आणली की सामान द्यायचं, चिठ्ठी नसेल तर प्रत्यक्ष देव आला तरी द्यायचं नाही, असा नियम होता. तो मी मोठ्या तोऱ्यात पाळत असे.

आम्ही शेताला पाणी द्यायचे प्लास्टिकचे पाइप बनवत होतो. जो पाइप वाकडा निघे किंवा चिरे, त्याचे तुकडे करून ते ग्राइंडरमध्ये घालत. ग्राइंडर म्हणजे वर झाकण असलेली मोठी लोखंडी पेटी आणि आत गरगर फिरणारी पाती. वरून तुकडे टाकायचे, खालून चुरा निघतो, तो नव्या मालात मिसळायचा. त्या ग्राइंडरवर चाळिशीची एक बाई होती. ती कळंबकडच्या एका खेड्यातून शेअर ऑटोने येत असे, म्हणून सगळे तिला कळंबवालीच म्हणत. दुपारी डबा खायला ती माझ्या खिडकीखाली बसायची. तिथे सावली असे, आणि तिच्या डब्यातली जवसाची चटणी मला खिडकीतून मिळत असे.

अशा आमच्या बऱ्या चाललेल्या संसारात पुण्याहून एक सेफ्टी साहेब आले. वय तिशीच्या आत, डोक्यावर पांढरंशुभ्र हेल्मेट. ते हेल्मेट साहेब जेवतानाही काढत नसत, पण ग्राइंडरजवळ मात्र फारसे जात नसत, कारण तिथे धूळ उडते. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला पटांगणात उभं केलं आणि सांगितलं की आता आपला कारखाना शून्य अपघाताकडे वाटचाल करणार. अपघात शून्य करायचे दोन मार्ग असतात. एक, यंत्रं नीट करायची. दुसरा, झालेला अपघात कोणी सांगायचाच नाही अशी सोय करायची. पहिल्या मार्गाला फिटर लागतो, सुटे भाग लागतात, यंत्र दोन दिवस बंद ठेवावं लागतं. दुसऱ्याला बक्षीस पुरतं. साहेबांनी बक्षीस जाहीर केलं.

गेटजवळ एक फलक लागला, ‘अपघाताविना दिवस’. खाली आकडा. तो रोज सकाळी गेटवरचा वॉचमन बदलायचा. पन्नास दिवस झाले की सगळ्यांना समोसा आणि जिलेबी, शंभर झाले की स्टीलचा डबा, आणि दोनशे दिवस झाले की माणशी एक कूलर. कोणाही एकाला लागलं की आकडा सगळ्यांचाच शून्यावर. यवतमाळच्या मे महिन्यात टिनाखाली झोपणाऱ्या माणसाला कूलर दाखवायचा आणि वर म्हणायचं की खरं सांग, तुला लागलं का! पुण्यात बसून ही कल्पना ज्याला सुचली, त्याच्या घरी चोवीस तास एसी असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परिणाम लगेच दिसू लागला. साहेब म्हणतात तसा तो आकड्यात दिसला, आणि मला खिडकीतून दिसला. प्रथमोपचाराच्या पेटीला साहेबांनी कागदाचं सील लावलं होतं. पट्टी काढायची तर सील फोडा, सील फोडलं तर नोंद करा, नोंद केली तर आकडा गेला. म्हणून लोक डब्यातून हळदीची पुडी आणू लागले. बोट कापलं की पाइपांच्या ढिगामागे जायचं, हळद दाबायची, चिंधी गुंडाळायची आणि वरून हातमोजा घालायचा. माझ्याकडे हातमोज्यांच्या चिठ्ठ्या दुप्पट झाल्या. साहेबांनी तो सुरक्षेबद्दल वाढत्या जागृतीचा पुरावा म्हणून वर कळवला. पाहुणे आले की ते पेटी दाखवत, पाहा, तीन महिन्यांत एकदाही उघडावी लागली नाही.

पाइपाचं टोक तापवून रुंद करायच्या यंत्रावर एक जण होता. त्याचा कोपरापर्यंत हात भाजला. त्याने भर मार्चमध्ये पंधरा दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, मनगटापर्यंत बटणं लावून. त्या महिन्याचा ‘सुरक्षा तारा’ म्हणून साहेबांनी त्याचाच फोटो लावला, कारण उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालणारा तो एकटाच कामगार होता. फोटोत त्याचे दात दिसतात. खरं तर त्याला वेदना म्हणतात, पण साहेबांना ते हसू वाटलं.

आता माझ्या कर्तबगारीकडे येते. साहेबांनी पिवळी कार्डं छापून आणली. वर मोठ्या अक्षरात ‘थोडक्यात बचावलो’, खाली तीन मथळे: काय घडणार होतं, का घडलं नाही, आपण काय शिकलो. अपघात होता होता राहिला तर तो कार्डावर लिहायचा म्हणजे कंपनी त्यातून शिकते. कल्पना वाईट नव्हती. पण साहेबांनी तिचाही कोटा बांधून दिला. माणशी महिन्याला दोन कार्डं हवीतच, ज्या खात्याची कमी पडतील ते खातं बक्षिसातून बाद. म्हणजे माणसाने महिन्यातून दोनदा मरता मरता वाचायचं, आणि तेही तीस तारखेच्या आत.

लोकांना लिहायचा कंटाळा. कोणाला जमायचं नाही, कोणाला लाज वाटायची. माझं अक्षर चांगलं आणि शाळेत निबंधाला कायम शाबासकी मिळालेली. तोंडाने मी दारव्ह्याची आहे, कागदावर मात्र थेट पुण्याची. पहिल्या महिन्यात दोन-तीन जण आले, ‘ताई, माहं बी लेहून द्या न,’ आणि दुसऱ्या महिन्यात खिडकीसमोर रांग लागली. सुरुवातीला मी विचारायची, खरंच काय झालं होतं? पुढे विचारणं सोडून दिलं. एवढ्या माणसांना एवढे प्रसंग कुठून आणायचे? मी ते रचायला लागले.

काय काय रचलं! सांडलेल्या तेलावरून घसरता घसरता सावरलेली माणसं, रचलेल्या पाइपांचा ढीग कोसळताना वेळीच बाजूला झालेली माणसं, टिनावर उड्या मारणाऱ्या वानरांमुळे डोक्यात पडता पडता राहिलेली वीट. कच्च्या मालाच्या पोत्याआड एक साप मी चार खात्यांत चार वेळा सोडला. चौथ्या वेळी साहेब इतके घाबरले की त्यांनी सर्पमित्र बोलावला. त्याला साप काही सापडला नाही, पण साहेबांसोबत त्याचा फोटो मुख्य ऑफिसच्या पत्रकात छापून आला. माझ्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, ‘परंतु प्रसंगावधान राखल्यामुळे पुढील अनर्थ टळला.’ साहेबांना ते वाक्य फार आवडे. ते गुण देत, वर्णनाला इतके, शिकवणुकीला इतके. मला गुण मिळायचे आणि खरं सांगते, मला ते आवडायचे. मनातल्या मनात साहेबांना हसत हसत मी महिन्याच्या शेवटची वाट बघायला लागले.

एक गोष्ट मला त्या कारखान्यात सगळ्यांपेक्षा चांगली माहीत होती. या कार्डांमुळे माझ्याकडे कधी एकही चिठ्ठी आली नाही. कार्ड साहेबांकडे जाई, साहेबांकडून कॉम्प्युटरवर, तिथून मुख्य ऑफिसात. फिटरपर्यंत ते जाण्याची वाटच नव्हती. तो बिचारा खाली पाना घेऊन हिंडत असे आणि वर शेकडो माणसं वाचत असत. कार्डावरून एखादा बोल्ट जरी बदलला गेला असता तरी तो माझ्या खिडकीतून गेला असता.

एक दिवस कळंबवाली डबा न उघडताच खिडकीशी उभी राहिली.

‘ताई, या वक्ताचं खरं हाये. लेहून घ्या.’

‘म्हंजे आतापर्यंतची काय खोटी होती का वं?’ मी म्हटलं. ती हसली नाही.

तिने सांगितलं ते असं. ग्राइंडरचं झाकण उघडलं की आतली पाती आपोआप थांबायला हवीत, त्यासाठी झाकणाला एक स्विच असतो. तो बिघडला होता आणि सारखं यंत्र बंद पाडत होता. कामाचा खोळंबा होतो म्हणून सुपरवायझरने फिटरला सांगून तो सुतळीने दाबून बांधून टाकायला लावला. आता झाकण उघडं असलं तरी पाती फिरतच राहत. आदल्या दिवशी पाइपाचा तुकडा अडकला, तिने झाकण उचलून तो धरला आणि पात्यांनी तो तिच्या हातातून हिसकून आत ओढला.

‘मोजा गेला ताई, हात राह्यला,’ ती म्हणाली. ‘चांगलं लेहा. चांगलं लेहलं त ते लोकं दुरुस्त करतीन.’

मी चांगलं लिहिलं. आजवर त्याच त्या सापावर आणि तेलावर दिवस काढत होते, आता हाती खरा प्रसंग आला होता. मी पात्यांचा आवाज लिहिला. हातमोजा आत खेचला जातानाचा तो क्षण लिहिला. घरी वाट पाहणाऱ्या माणसांचा विचार तिच्या मनात आणला, जो तिने मला सांगितलेला नव्हता. मग ‘प्रसंगावधान राखल्यामुळे’ ते वाक्य, आणि त्याच्याखाली तिने सांगितल्याप्रमाणे, ‘झाकणाचा स्विच सुतळीने बांधलेला आहे, तो बदलावा.’

वाचून पाहिलं. ते शेवटचं वाक्य खुपत होतं. एवढं रंगवून आणलेलं सगळं त्या सुतळीपाशी येऊन भस्सकन खाली बसत होतं. मी कार्ड फाडलं, नवं घेतलं आणि सुतळीशिवाय पुन्हा लिहिलं. तसले नवे दोन स्विच माझ्या पाठीमागच्या मांडणीत, तिसऱ्या फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात होते. मला खुर्चीवरून उठायचीही गरज नव्हती. पण चिठ्ठी नव्हती.

ते कार्ड कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत पहिलं आलं. मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या, सगळ्यांनी उजवा हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. साहेबांनी माईकवरून कार्ड वाचून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्य ऑफिसातून आलेल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी मागच्या रांगेत बसून ओठ हलवत माझीच वाक्यं म्हणत होते. कळंबवालीच्या गळ्यात हार घातला आणि हातात कुकर दिला. कार्डाला प्लास्टिकचं आवरण घालून ते ग्राइंडरसमोरच्या भिंतीवर लावण्यात आलं. म्हणजे ते लावायला जो माणूस गेला, तो त्या सुतळीपासून हातभर अंतरावर उभा होता.

दुपारी ती कुकर घेऊन माझ्या खिडकीखाली आली.

‘ताई, साहेबानं वाचलं त्याच्यात सुतळीचं काई आलं नाई.’

‘कार्डावर तेवढी जागाच नोयती वं,’ मी म्हटलं.

‘मंग पुढच्या कार्डावर लेहजा.’

‘लेहतो.’

पुढच्या महिन्यात मी तिच्या नावावर ओल्या फरशीचं कार्ड लिहिलं. एकच विषय दोनदा आला तर साहेब गुण कापत असत.

एप्रिलमध्ये, फलकावर एकशे सत्त्याऐंशी आकडा असताना, सकाळच्या चहाआधी ग्राइंडरचा आवाज बदलला. तिथे काम केलेल्या माणसाला असा आवाज कळतो. मी स्टोअर उघडं टाकून धावले. कळंबवाली खाली बसली होती आणि तिने उजवा हात पोटाशी धरला होता. ती ओरडत नव्हती. तीन बोटं गेली होती. सुतळी जिथल्या तिथे शाबूत होती.

भोवती दहा-बारा जण जमले होते. मी त्या शांततेत ऐकलेलं पहिलं वाक्य कोणाचं होतं ते मला माहीत आहे, पण ते सांगून काय उपयोग, ते सगळ्यांच्याच मनात होतं. ‘आज कितवा दिवस व्हय?’

सुपरवायझरने प्रथमोपचाराच्या पेटीला हात घातला. मग त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं. ‘फोड’ असं कोणीच म्हणालं नाही. मीही नाही. त्याने यंत्र पुसायच्या चिंध्या घेतल्या, त्या तिच्या हाताला गुंडाळल्या आणि तिला मोटरसायकलवर बसवून मागच्या फाटकाने एका खासगी दवाखान्यात नेलं. सरकारी दवाखान्यात विचारतात, कुठे लागलं. मागे तिला धरून एक बाई बसली होती. तिने नंतर सांगितलं की वाटेत कळंबवालीने एकच विचारलं, ग्राइंडर बंद केला का.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन फलकापाशी खूप वेळ उभा राहिला. मग मॅनेजरसाहेब गाडीतून उतरले, त्याच्याकडे न पाहता आत गेले, आणि वॉचमनने एकशे अठ्ठ्याऐंशी आकडा लावला. सेफ्टी साहेब पुण्याला होते. फोनवर त्यांनी कळवलं की घटना खरोखर कारखान्याच्या आवारात घडली का, याची आधी खात्री करून घ्या. वरून कोणी काही हुकूम दिला नाही, धमकी दिली नाही. त्यांनी काही करायची गरजच उरली नव्हती, उरलेले बारा दिवस आमचे आम्ही सांभाळणार होतो. मालकाला शिव्या देऊन मोकळं व्हायची सोय त्यांनी आम्हाला ठेवली नाही, आणि याबद्दल मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो.

रविवारी आम्ही पाच जण तिच्या गावाला गेलो. डझनभर केळी आणि बिस्किटांचे दोन पुडे. मला मुद्दाम नेलं होतं, कारण ताई बोलण्यात हुशार आणि लिहायला लागलंच तर बरं. दोन खोल्यांचं घर, वर टिन, दारापुढे बांबूवर निळा झेंडा. ती खाटेवर बसली होती, हाताला मोठं बँडेज. नवरा दुसऱ्याच्या वावरात कामाला जाणारा माणूस, त्याने आम्हाला पाणी दिलं आणि भिंतीला टेकून बसला.

आमच्यापैकी एकाने सुरुवात केली. हा तोच, पूर्ण बाह्यांवाला. ‘बाई, तुले घरीच लागलं असं म्हन. दहा-बारा दिवस राह्यले. साऱ्याइचा कूलर हाये. तुले गेटवर बसून करायचं काम देतीन, साहेब म्हने.’

‘कोनता साहेब म्हने?’ नवऱ्याने विचारलं.

‘सारेच म्हनते.’

‘घरी कायनं लागलं म्हनू?’ तिने विचारलं.

‘कुट्टी मशीननं,’ तो म्हणाला. जनावरांसाठी कडबा कापायचं यंत्र, त्याने बोटं जातात हे सगळ्यांना पटण्यासारखं.

‘आमच्याकडं जनावरं नाईत बाप्पा,’ नवरा म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे मी तोंड उघडलं नसतं तर कदाचित ते सगळं तिथेच कोसळलं असतं. पण गोष्टीत खोट निघाली की मला राहवत नाही. ‘शेजाऱ्याची मशीन म्हना,’ मी म्हटलं. ‘मदतीले गेली होती.’ आणि पिशवीतून कागद काढला. पंधरा ओळींत जबाब तयार झाला. त्यात शेजाऱ्याची म्हैस होती, संध्याकाळची वेळ होती, कडब्याची पेंढी होती. त्या बाईने आयुष्यात केलेलं सगळं काम सोडून मी तिला न केलेलं काम लिहून दिलं.

मला नक्की काय माहीत होतं ते इथे लिहायलाच हवं. कामगार विम्याचे फॉर्म मीच भरत असे. कामावर असताना बोटं गेली तर त्या माणसाला जन्मभर दरमहा पेन्शन मिळते. घरी गेली तर काही नाही. खोलीतल्या सात माणसांत ही गोष्ट फक्त मला माहीत होती.

मी जबाब वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, ‘आमी बुद्धवंदनेत रोज म्हनतो, खोटं बोलनार नाई.’ मग तिने माझ्याकडे पाहिलं. ‘ताई, तुमाले कायद्यातलं समजते. तुमी सांगा. देऊ का अंगठा?’

चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आत टिन तापलं होतं, आणि मी सुद्धा टिनाखालीच राहते. मी म्हटलं, ‘दे.’

ती सातवी शिकलेली होती, पगारावर सही करत असे. त्या दिवशी तिने डाव्या हाताचा अंगठा दिला. शाई मीच नेली होती.

दोनशेव्या दिवशी पुन्हा मांडव पडला. साहेब म्हणाले की हा आकडा म्हणजे तुमच्या एकजुटीचा विजय आहे, आणि हे मात्र त्यांचं एकमेव खरं वाक्य. माणशी एक कूलर मिळाला. कळंबवालीला मिळाला नाही, कारण यादी त्या दिवशीच्या हजेरीवरून केली होती. मी माझा घेतला, ऑटोत घालून घरी आणला, त्यात पाणी भरलं आणि त्याच्यासमोर झोपले. झोप लागली नाही असं लिहिणं मला शोभलं असतं. छान लागली.

जूनमध्ये ती कामावर आली. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की हाताने काम होणार नाही, आणि गेटवरच्या कामाचं कोणी कबूल केलं होतं? जे पाच जण केळी घेऊन गेले होते त्यांच्यापैकी एकालाही आठवेना. ती पटांगणात थोडा वेळ उभी राहिली. मी खिडकीतून पाहिलं आणि मांडणीकडे तोंड केलं.

पावसाळा संपता संपता ती माझ्या घरी आली. मला वाटलं भांडायला आली. तिने चपला काढल्या, पाणी मागितलं, आणि म्हणाली की गावातल्या एका शिकलेल्या माणसाने पेन्शनचं सांगितलं. ती विम्याच्या ऑफिसात जाऊन आली होती. ‘ते म्हनते, कारखान्यात लागलं हे पाहनारं कोनी असन त घेऊन या.’ त्या चौघांच्या घरी ती आधी जाऊन आली होती. कोणी घरात नसल्याचं बायकोला सांगायला लावलं, कोणी दारातच हात जोडले. मला पेन्शनचं आधीपासून माहीत होतं का, हे तिने विचारलं नाही. मी न विचारता सांगितलं. तिने कूलरकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘सोमवारी येसान का?’

मी गेले. त्यासाठी मला कुणी शाबासकी देऊ नये, कूलर घेऊन झाल्यावर गेले. आदल्या रात्री बसून खरा जबाब लिहिला, ग्राइंडर, झाकण, स्विच, सुतळी, आणि माझ्या मांडणीतले दोन नवे स्विच. एकही विशेषण घातलं नाही. नोकरी जाणार हे उघड होतं आणि ती आठवड्याभरात गेलीही.

अधिकारी सावकाश वाचणारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी माझा कागद पूर्ण वाचला. मग फाइलमधून कंपनीने जोडलेला जुना जबाब काढला, कुट्टी मशीनचा, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

‘बाई, हे अक्षर तुमचंच ना?’

‘हो.’

‘आणि हेही?’

‘हो.’

‘यात म्हशीचा रंगसुद्धा दिलाय तुम्ही,’ ते म्हणाले. ‘आणि यात नुसत्या आठ ओळी आहेत. मी कोणता खरा मानू?’

‘हा,’ मी आठ ओळींवर बोट ठेवलं.

‘हे तुम्ही म्हणताय. तेही तुम्हीच म्हणत होता.’ ते रागावले नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. त्यांनी सांगितलं की एवढ्यावर पुढे जाता येणार नाही, दुसरं कोणी असेल तर आणा, नाहीतर वरच्या साहेबांकडे अर्ज करा.

कळंबवाली बाहेर बाकावर बसली होती. उजवा हात पदराखाली.

‘काय म्हने साहेब?’

मला आयुष्यात शब्दांची कधी अडचण पडलेली नाही. ‘माह्यावर विश्वास नाई बसत म्हनते,’ मी सांगितलं.

‘माहा बी नाई बसत,’ ती म्हणाली. तिने डाव्या हाताने पिशवी उचलली आणि उभी राहिली. ‘पन मले दुसरं कोन हाये पाहनारं? चला, वरच्या साहेबाकडं जाऊ.’